अठरा किलोमीटर जवळ आलेलं गाव

मार्गांचा तक्ता कार्यालयाच्या भिंतीवर, खिडकीलगत टांगलेला होता. तिच्या गाडीच्या क्रमांकापुढे सात मुक्काम लिहिलेले होते आणि सातव्यावर, खिंडीपलीकडच्या गावावर, पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारलेली होती.

“पेन्सिलच आहे,” मॅडम म्हणाल्या. “ही फेरी करून या. मग शाईनं मारते.”

मॅडम फिरत्या नेत्रतपासणी केंद्राच्या नियोजन अधिकारी होत्या; आवाज न चढवता ‘नाही’ म्हणण्याचं कसब त्यांना साधलेलं होतं. आणि ती कागदोपत्री नेत्रतपासनीस असली, तरी सातही गावांत नुसती ‘चष्मेवाली’ होती. गेली नऊ वर्षं ती स्वतःच गाडी चालवत, मागे भिंगांच्या पेट्या आणि डोळ्यांतला दाब मोजण्याचं यंत्र घेऊन, त्या तक्त्याप्रमाणे फिरत आली होती.

“कारण तरी कळू दे,” ती म्हणाली.

“डिझेल. जाऊन-येऊन चारशे ऐंशी किलोमीटर, वाटेत एक पंप नाही. गेल्या आठ महिन्यांत तुमच्या गाडीचं ॲव्हरेज लिटरला आठवर आलंय. चारशे ऐंशी भागिले आठ?”

“साठ.”

“आणि टाकी साठाची. म्हणजे फाटकापाशी तुम्ही उतरायचं आणि गाडी ढकलायची. नियम काय आहे? परतल्यावर टाकीत दहा लिटर शिल्लक हवं. यंत्राशेजारी डिझेलचा कॅन ठेवायला बंदी. मग मी काय करू?”

“पण मी प्रत्येक वेळी परत आलेय, मॅडम.”

“टाकीचा दिवा लागतो की नाही लागत?”

दिवा लागत असे. शेवटचे चाळीस किलोमीटर तो डोळा वटारून तिच्याकडे पाहत असे आणि ती त्याच्याकडे पाहायचं टाळत असे. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तिनं नुसती मान डोलावली.

“गेल्या वर्षी याच हिशेबानं दुसऱ्या दोन गाड्यांचा एकेक मुक्काम बंद केला,” मॅडम म्हणाल्या. “तेव्हा कुणासाठी वाकले नाही. आता तुमच्यासाठी वाकले, तर त्यांना कुठल्या तोंडानं सामोरी जाऊ?”

हा युक्तिवाद प्रामाणिक होता, आणि म्हणूनच तो खोडणं अवघड होतं.

सातव्या गावात काचबिंदूचे अकरा रुग्ण होते. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यांतला दाब मुकाट्यानं चढतो, नजर कडेकडेनं विझत मध्याकडे येते, आणि गेलेली नजर कोणत्याही औषधानं परत मिळत नाही. दर दोन महिन्यांनी दाब मोजायचा आणि त्याप्रमाणे थेंब बदलायचे, एवढंच हातात असतं. दाब मोजायचं दुसरं यंत्र त्या गावापासून दोन दिवसांच्या प्रवासावर होतं. शाईची ती रेघ कुणाकुणाच्या डोळ्यांवरून जाणार आहे, हे तिला तोंडपाठ होतं.

गाडी मुळात अशी खादाड नव्हती. चारही चाकं ओढणारी ती डिझेल गाडी पूर्वी लिटरला अकरा किलोमीटर सहज देई. पण आठ-नऊ महिन्यांपूर्वी गावाअलीकडच्या ओढ्यात तिचं इंजिन पाणी प्यायलं आणि चष्मेवालीला दोन दिवस काठावर बसून काढावे लागले. हे ऐकताच तिच्या थोरल्या भावानं गाडी आपल्या गॅरेजात घेतली. दादाचा हात सढळ होता आणि बहिणीच्या बाबतीत तर त्याला धरबंधच राहत नसे. त्यानं गाडी चार बोटं उचलली, मोठे खडबडीत टायर चढवले, पुढे जाड लोखंडी बंपर बसवला आणि टपावर भलंमोठं कॅरिअर उभारलं. त्यावर दुसरी स्टेपनी, फावडं, दोरखंड आणि चार फोकस दिवे. केंद्राच्या गाड्यांची कामं त्याच्याच गॅरेजात होत, आणि केंद्रानं टायरांना आणि उंचीला रीतसर परवानगी दिली होती. बाकीचा थाट दादाच्या मायेचा.

कॅरिअर त्यानं वडिलांच्या लोखंडी खाटेचे पाइप कापून, वाकवून, स्वतः वेल्डिंग करून घडवलं होतं. वडील त्याच खाटेवर गेले होते. गाडी सत्तरच्या पुढे गेली की त्या पाइपांमधून वारा घुमायला लागे. पहिल्याच दिवशी चक्कर मारताना वहिनी मागच्या सीटवरून म्हणाली होती, “घ्या, मामंजी घोरायला लागले!” आणि तिघंही हसता हसता रडली होती.

ती फेरी तिनं शेवटची समजून केली नाही. सहा गावं आटोपून, कार्यालयाजवळच्या पंपावर परत टाकी भरून ती खिंड चढली. दुपारी शाळेच्या व्हरांड्यात यंत्र मांडेपर्यंत अकराही जण बाकांवर येऊन बसले होते. नेहमीप्रमाणे पहिला नंबर मास्तरीणबाईंचा. बाई बहात्तर वर्षांच्या. सदतीस वर्षं याच शाळेत गणित शिकवलेल्या. उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती, पण जिभेची धार शाबूत होती.

“हनुवटी इथं टेकवा, बाई. हलायचं नाही.”

“वर्गात हेच वाक्य मी म्हणत असे,” बाई म्हणाल्या. “किती?”

“चोवीस. वाढलाय. थेंब बदलते. दोन महिन्यांनी...” ती अडखळली.

बाईंनी हनुवटी उचलली. “दोन महिन्यांनी काय? वाक्य पूर्ण कर.”

तिनं सांगितलं. डिझेल, ॲव्हरेज, साठ लिटर, पेन्सिलीची रेघ. जुन्या सवयीनं बाई उदाहरणाकडे वळल्या.

“मीटरवर किती किलोमीटर झाले आज?”

“काय फरक पडतो, बाई?”

“फरक काय पडतो ते मी ठरवीन. किती?”

पंपावरून निघताना तिनं मीटर शून्यावर आणला होता, आणि तो पंप कार्यालयाला लागूनच होता. ती गाडीपाशी जाऊन पाहून आली. “दोनशे बावीस.”

“शाळेसमोरच्या दगडावर काय लिहिलंय?”

दगड व्हरांड्यातूनही दिसत होता. पांढऱ्या रंगावर काळे आकडे: दोनशे चाळीस. रस्त्याची मोजणी कार्यालयाजवळच्या त्याच चौकातून सुरू होत होती.

“त्या दगडावर मी पोरांना भागाकार शिकवलाय,” बाई म्हणाल्या. “दगड जागचा हललेला नाही. आणि आमचं गाव अठरा किलोमीटर जवळ आलेलं मला तरी कुणी कळवलेलं नाही. तेव्हा एक तर दगड खोटा, नाहीतर तुझी गाडी. बघ बाई, कुणाची साक्ष घेतेस ते.”

बाकांवर हशा पिकला. चष्मेवाली हसली नाही. ती व्हरांड्यातून उतरली आणि गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली. टायर तिच्या खांद्यापर्यंत येत होता.

मीटर रस्ता मोजत नसतो. तो चाकाचे फेरे मोजत असतो. लांब ढांगा टाकणाऱ्या माणसाला तेवढ्याच अंतराला कमी पावलं लागतात. दादानं गाडीच्या ढांगा लांबवल्या होत्या आणि बिचारा मीटर अजून जुनी पावलं मोजत होता. आठ महिने ती दिवसाच्या नोंदीत कमी किलोमीटर लिहीत आली होती. कार्यालयात त्या तोकड्या किलोमीटरांना डिझेलनं भागून ॲव्हरेज काढलं जाई, आणि त्या खोट्या ॲव्हरेजनं तक्त्यातल्या खऱ्या अंतराला भागलं जाई. चूक कुणीही लबाडीनं केलेली नव्हती. ती टायरांइतकीच गोल होती. कुठून धरावी ते कळू नये अशी.

पाटीवरचा खडू घेऊन बाईंनी आणि तिनं मिळून गणित मांडलं. खरं ॲव्हरेज आठ नव्हे, साडेआठच्या थोडं वर. खरा खर्च साठ नव्हे, साडेपंचावन्न लिटर.

“म्हणजे साडेचार उरतात,” बाई म्हणाल्या. “दहा हवेत. अर्धं उदाहरण सुटलं. उरलेलं गृहपाठ.”

मॅडमनी तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, टायरचं माप दोनदा विचारलं आणि कागदावर आकडेमोड करून पाहिली. “चूक आमचीही आहे,” त्या म्हणाल्या. “पण साडेचार म्हणजे दहा नव्हेत.”

“पुढच्या फेरीला मी दहा उरवून दाखवते. तोवर शाई लावू नका.”

“एकच फेरी,” मॅडम म्हणाल्या. “पंपावर मी स्वतः उभी राहीन.”

त्याच रविवारी ती दादाच्या गॅरेजात गेली. दादा एका गाडीखाली आडवा होता. फक्त पाय दिसत होते. तिनं त्या पायांनाच सगळी हकिकत सांगितली. पाय सरकत बाहेर आले, मागोमाग दादा.

“म्हणजे माझ्यामुळे तुझं गाव हातचं चाललंय, असं म्हण की सरळ.”

“तसं म्हणाले का मी?”

“म्हणायचं बाकी काय ठेवलंस, चिंगे?” चाळिशी उलटलेल्या बहिणीला तो अजून चिंगीच म्हणत असे. “टायर काढायचे नाहीत. ओढ्यात पुन्हा अडकशील.”

“टायर नाही काढायचे. उंचीही राहू दे.”

“मग बंपर घे. सत्तर किलोचं धूड आहे. लोखंडाचं वजनच डिझेल पितं. आत्ता उतरवतो.”

“आणि कॅरिअर?”

दादानं हात पुसायला फडकं घेतलं आणि नको इतका वेळ पुसत राहिला. “कॅरिअर पिसासारखं आहे. पोकळ पाइप. त्यानं काय होतंय?”

“तेच मोजायचंय. एका वेळी एकच वस्तू. दोन्ही एकदम काढलं, तर कुणी किती खाल्लं ते कळणार नाही.”

“वन्सं म्हणतात ते बरोबर आहे,” वहिनी दारातून म्हणाली. “घरातली खीर कुणी संपवली, तेसुद्धा मी असंच शोधून काढते. एकेकाला बाहेर पाठवून.”

पुढचे तीन रविवार त्यांनी मोजणीला दिले. गावाबाहेरचा सरळ, सपाट रस्ता निवडला. पन्नास दगड जायचं, पन्नास दगड यायचं, म्हणजे जाताना वारा तोंडावर असला तर येताना पाठीवर मिळेल. सकाळची तीच वेळ, तोच ऐंशीचा वेग, तोच पंप, तीच नळी. गाडी दर वेळी पंपावरच्या त्याच फरशीवर उभी करायची आणि नळीनं पहिला खटका दिला की थांबायचं. वर एक थेंब नाही. मीटरकडे पाहायचंच नाही. दगड मोजायचे. दादा शेजारी बसून दगडागणिक बोटाचं एक पेर पुढे सरके.

पहिल्या रविवारी सगळा साज जसाच्या तसा ठेवून मोजलं. शंभर किलोमीटरला साडेअकरा लिटर.

दुसऱ्या रविवारी बंपर काढला. दादा मोठ्या आशेनं नळीकडे पाहत उभा होता. सव्वाअकरा.

“एवढंच?” तो म्हणाला. “सत्तर किलो उतरवलं की!”

“सपाटीवर वजन एकदा धावायला लागलं की लागलं. फारसं मागत नाही.”

“तुला हे आधी माहीत होतं?”

“नाही. आत्ता कळलं.”

तिसऱ्या रविवारी बंपर पुन्हा चढला आणि कॅरिअर उतरवायची वेळ आली. तेरा नंबरचा पाना हातात घेऊन दादा स्टुलावर चढला खरा, पण पहिल्याच बोल्टपाशी थबकला. वहिनी काही बोलणार होती. तिनं चष्मेवालीकडे पाहिलं आणि स्टूल धरून ठेवलं.

“जाम झालाय,” दादा म्हणाला.

बोल्ट जाम नव्हता. तिला ते दिसत होतं, आणि तिला ते दिसतंय हे दादालाही दिसत होतं. घाई करून त्याच्या हातातला पाना घेणं सोपं होतं. ती खाली उभी राहिली. थोड्या वेळानं बोल्ट फिरला.

कॅरिअर भिंतीला टेकवून, स्टेपनी आणि फावडं आत घालून ते निघाले. सत्तरचा काटा ओलांडला. गाडीत आवाज आला नाही. ऐंशीवरही नाही. इंजिनाचा संथ घोष आणि टायरांची घरघर, एवढंच. शंभर किलोमीटरभर दादा बोटांची पेरं मोजत राहिला.

नळीचा खटका वाजला. दहा पूर्णांक एक.

ती आकड्याकडे पाहत राहिली. जवळजवळ दीड लिटर. लोखंडाचं वजन नव्हे, तर वारा डिझेल पीत होता. पाइप, फावडं, दिवे अडवतील तेवढा वारा इंजिनाला प्रत्येक किलोमीटर फाडावा लागत होता, आणि ज्या आवाजावर ती तिघं मायेनं हसत आली होती, तो त्या फाडाफाडीचाच आवाज होता.

“म्हणजे ते घोरणं,” दादा हळूच म्हणाला, “ते डिझेल जळत होतं.”

“हो.”

“बाबा जिवंत असते, तर त्यांनीच आधी शिवी हासडली असती.” त्यानं नाक पुसलं. “टायरांत हवा किती ठेवतेस?”

“चिखलासाठी कमी.”

“डांबरावर पूर्ण ठेव. ओढ्याशी सोड, पलीकडे हातपंपानं भर. आळस करू नकोस. आणि ऐंशीनं कशाला पळवतेस? सत्तरनं जा. अर्धा तास उशीर झाला म्हणून कुणाचा काचबिंदू पळून जात नाही.”

दोन महिन्यांनी ती निघाली तेव्हा मॅडमनी पंपावर स्वतः टाकी भरून घेतली आणि वेळ लिहून ठेवली. या वेळी सातवं गाव एकटंच, सरळ जाऊन-येऊन. सत्तरचा वेग तिनं दातओठ खाऊन पाळला. ट्रकवाले हॉर्न वाजवत पुढे निघून गेले आणि एकानं तर हात जोडून नमस्कारही केला. ओढ्याशी तिनं हवा सोडली आणि पलीकडे गुडघ्यावर बसून चारही चाकांत पुन्हा भरली.

मास्तरीणबाईंचा दाब सोळा भरला.

“मीटर?” बाईंनी विचारलं.

“तो दोनशे बावीस म्हणतो. मी दोनशे चाळीस लिहिते.”

“शाब्बास. गृहपाठ?”

“उद्या पंपावर तपासला जाईल.”

परतीच्या वाटेवर, खिंड उतरल्यानंतरच्या माळावर वारा समोरून उठला. स्टिअरिंगवर तो हाताला जाणवत होता. टाकीचा काटा पाव खुणेकडे सरकत होता. मोजणीच्या रविवारी वारा येताना पाठीशी असे. इथे परतीचा रस्ता एकच होता आणि तो वाऱ्याच्या तोंडात होता. तिनं वेग साठवर आणला आणि पुढचे दगड एकेक करून मोजत राहिली. दिवा लागेल म्हणून तिची नजर पुन्हा पुन्हा खाली जात होती. दिवा लागला नाही.

दुपारी चारला ती पंपाच्या त्याच फरशीवर थांबली. मॅडम छत्री घेऊन उन्हात उभ्या होत्या. नळी टाकीत गेली; आकडे फिरू लागले. पंचेचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास झाले तरी नळी वाहतच होती, आणि चष्मेवालीनं मूठ आवळली.

खटका वाजला. एकोणपन्नास पूर्णांक सहा.

“चारशे मिलिलिटर,” मॅडम म्हणाल्या. “दहा, आणि वर एक पेलाभर.”

“वारा समोरून होता.”

“नियमात वारा लिहिलेला नाही. पेलाभरही नाही. दहा लिहिलेत आणि दहा आहेत.” कार्यालयात आल्यावर मॅडमनी पर्समधून खोडरबर काढलं, तक्त्यावरची रेघ नीट पुसली, आणि भुसा फुंकून टाकून तशाच उभ्या राहिल्या. त्यांची नजर तक्त्याच्या खालच्या भागावर होती. तिथे दुसऱ्या दोन गाड्यांच्या ओळींत शाईनं खोडलेले दोन मुक्काम होते.

“या दोन्ही गाड्यांनाही मोठे टायर आहेत,” त्या म्हणाल्या. “नाही का?”

“आहेत.”

“आणि कॅरिअर?”

“तेही आहे.”

मॅडमनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि टेबलाशी बसून नोंदींचं बाड पुढे ओढलं. “शाई खोडरबरानं जात नाही,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “नवा तक्ता करावा लागेल. तुम्ही ती मोजणी कशी केलीत? पहिल्यापासून सांगा. दगडांपासून.”

सांगण्याआधी तिनं बाहेर जाऊन दादाला फोन लावला.

“उरलं?” दादानं श्वास रोखून विचारलं.

“उरलं. पण अजून दोन गाड्या आहेत, दादा. त्यांचे टायर तूच चढवलेस.”

पलीकडे पान्यांची खणखण ऐकू आली. “कॅरिअर?” दादानं विचारलं.

“दोन्हींवर. तुझ्याच हातची.”

दादाच्या मागून वहिनीचा आवाज आला, स्पष्ट आणि वैतागलेला: “अगं बाई, आणखी दोन मामंजी?”

“तेरा नंबरचा पाना तयार ठेव,” चष्मेवाली म्हणाली. “रविवारी येते.”